मागची सीट

रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना 'कूपे' हा शब्द नवा नाही. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात चौघांच्या केबिन असतात आणि दोघांचे कूपे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो फलाटावरून जाता जाता काचेतून पाहिलेला असतो. आत बसण्याचा योग क्वचितच. मोटारींच्या दुनियेतही हाच शब्द आहे आणि दोघांचे मूळ एकच. शब्द फ्रेंच आहे. कूपे म्हणजे कापलेला. घोडागाड्यांच्या जमान्यात युरोपात समोरासमोर दोन बाके असलेली चौघांची बंद बग्गी असे. तिचे मागे तोंड करून बसायचे बाक छाटून टाकले की उरे ती आखूड, हलकी, दोघांची गाडी. तीच कूपे. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, पण शब्द राहिला. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने मोजमापाचे जे नियम केले, त्यांत कूपे कोणती हे ठरवताना इंजिन, वेग, रंगरूप यांपैकी काहीही विचारात घेतलेले नाही. दोन दारांच्या गाडीत मागच्या भागातली जागा ३३ घनफुटांपेक्षा कमी भरली तर ती कूपे, जास्त भरली तर सेदान.

म्हणजे या गाडीची ओळख तिच्यातून काय काढून टाकले आहे यावरून ठरते. आणि काढून टाकलेली वस्तू म्हणजे एखादा पुर्जा नाही, दुसऱ्या माणसाची बसायची जागा आहे.

एवढे पाल्हाळ लावण्याचे कारण असे की, गेले चार महिने आमच्या घरात या एका शब्दावरून वाद चालू आहे. माझा धाकटा भाऊ शारजात राहतो आणि कामाला दुबईत जातो. त्याला आठ वर्षे झाली. कोकणातल्या आपल्या वस्त्यांत असे घर शोधावे लागत नाही; ज्याचा मुलगा आखातात नाही त्याचा जावई तरी असतो. आता भावाला स्वतःची पहिली गाडी घ्यायची आहे आणि ती त्याला स्पोर्ट्स कूपे हवी आहे. अर्थात सेकंडहॅण्ड, परवडणारी, रोज कामावर नेता येईल अशी. त्याने मला फोनवर विचारले, "आपा, तुला काय वाटतं?" मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते, माझ्याकडे अॅक्टिव्हा आहे, आणि गाड्यांविषयीचे माझे ज्ञान बहुतांशी त्यानेच पाठवलेल्या व्हिडिओंवर पोसलेले आहे. हे त्यालाही ठाऊक आहे. तेव्हा तो इंजिनाबद्दल विचारत नव्हता. अशी गाडी घेणे बरोबर आहे का, असे विचारत होता.

घरातली पहिली प्रतिक्रिया गुणाकाराची झाली. आखातातली कुठलीही रक्कम आपल्या उंबऱ्याच्या आत आली की तिचा गुणाकार होतो. त्याचे बजेट पंचेचाळीस हजार दिरहमचे. एका दिरहमचे चोवीस रुपये धरले तर दहा लाख ऐंशी हजार. आकडा ऐकून अब्बा गप्प झाले आणि चाचांनी एवढ्यात वरचा मजला उठेल असे जाहीर केले. गुणाकार बरोबर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो नेमका कधी केला जातो, हे पाहण्यासारखे आहे. सहा जणांच्या खोलीत एका पलंगापुरत्या जागेचे, म्हणजे तिकडच्या भाषेत बेडस्पेसचे, जे भाडे तो आठ वर्षे भरतो आहे, त्याचा गुणाकार आम्ही कधी केला नाही. त्याच्या तासांचाही केला नाही. शारजा आणि दुबई ही नकाशात एकमेकांना चिकटलेली शहरे आहेत. पण सकाळी सात वाजता अल इत्तिहाद रोडवर जो अडकला असेल त्यालाच ते अंतर ठाऊक. तो आठ वर्षे कारलिफ्टने जातो. म्हणजे महिन्याचे पैसे ठरवून दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर मध्ये, दोघांच्या खांद्यांमध्ये. ताईचे लग्न, घराचा पहिला स्लॅब, अब्बांचे ऑपरेशन हे सगळे त्या मधल्या जागेवर बसून झालेले आहे.

दुसरी प्रतिक्रिया एका शब्दाची होती. इसराफ. हा शब्द आपल्याकडे बरेचदा चर्चेला कुलूप लावण्यासाठी वापरला जातो. वलीम्याला सहाशे पाने उठवताना तो कोणाला आठवत नाही. एखाद्या तरुणाने स्वतःसाठी काही मागितले की मात्र हटकून आठवतो. इसराफ म्हणजे हद्द ओलांडणे. तो वस्तूत बसलेला नसतो, मापात असतो, आणि माप माणसागणिक बदलते. समजा, त्याच पंचेचाळीस हजारांत त्याने सात सीटची, पांढरीशुभ्र, जुनी जीपगाडी घेतली असती, तर आमच्याकडे शेजारीपाजारी पेढे गेले असते. पेट्रोल अधिक, टायर महाग आणि सातांपैकी सहा जागा वर्षाचे अकरा महिने रिकाम्या. तिला इसराफ म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती, कारण ती 'फॅमिलीची गाडी'. यावरून माझ्या लक्षात आले की घरातला आक्षेप पैशाचा नाहीच. आक्षेप त्या कापलेल्या सीटचा आहे. पैशाचे नाव पुढे करणे सोपे जाते, एवढेच.

सौंदर्याचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो मला तितकासा अवघड वाटत नाही. बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरासाठी आम्ही सगळ्यांनी मास्लोचा पिरॅमिड पाठ केला. तळाला भूक-तहान, वर सुरक्षितता, मग नातीगोती, मग मानसन्मान, आणि शेंड्याला आत्माविष्कार. मास्लोने १९४३ च्या आपल्या निबंधात पिरॅमिड काढलेलाच नव्हता, तो नंतर इतरांनी काढला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. काढला नसता तर बरे झाले असते. त्या चित्रामुळे असे वाटू लागते की देखणेपणाची हौस हा वरच्या मजल्याचा मामला आहे आणि खालचे मजले पुरे झाल्याशिवाय माणसाने तिकडे मान वर करून पाहू नये. प्रत्यक्षात पत्र्याच्या घरापुढे फुटक्या डब्यात सदाफुली लावलेली असते. अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे की, तागाचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे, पण ज्या समाजात त्याच्याशिवाय मजुराला चारचौघांत यायला लाज वाटते, तिथे ती गरजच धरावी लागते. आपल्याकडे टाटांच्या नॅनोने हेच दाखवून दिले. एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब पावसात जाताना पाहून रतन टाटांना ती सुचली. २००८ मध्ये लाखाची गाडी म्हणून ती लोकांपुढे आली. हेतू नेक, गाडी उपयोगी, तरी २०१८ मध्ये बंद पडली. 'सर्वांत स्वस्त' हे विशेषण तिला भोवले, हे खुद्द टाटांनी पुढे बोलून दाखवले. स्कूटरवरच्या माणसालाही गाडीतून उतरताना दोन लोकांनी वळून पाहावे असे वाटत होते, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते.

तेव्हा माझ्या भावाला देखणी गाडी हवी असेल तर मला त्याच्या बाजूने बोलायला संकोच नाही. पण 'स्पोर्ट्स' या शब्दापाशी मी थांबते. त्याच्या यादीत तीन गाड्या होत्या. फोर्ड मस्टँग, २०१५ नंतरची, चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची. टोयोटा ८६. आणि डॉज चॅलेंजर, जिचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. मस्टँगचा इतिहास गमतीचा आहे. एप्रिल १९६४ मध्ये ती अमेरिकेत आली तेव्हा किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. आतले बरेचसे सामान त्याच कंपनीच्या फाल्कन या साध्यासुध्या घरगुती गाडीचे; वरून लांब बॉनेट आणि आखूड शेपूट. पहिल्या वर्षभरात चार लाखांहून अधिक खपल्या. कारकुनाच्या पगारात शर्यतीच्या घोड्याचे रूप, ही कल्पना तिथून जगभर पसरली. आजच्या मस्टँगचे वजन सोळाशे किलोंच्या पुढे आहे आणि सर्वांत साध्या इंजिनातही तीनशेच्या वर अश्वशक्ती आहे.

टोयोटा ८६ ची तऱ्हा निराळी. टोयोटा आणि सुबारू या दोन कंपन्यांनी मिळून ती २०१२ मध्ये आणली. दोन लिटरचे इंजिन, अश्वशक्ती दोनशेच्या आसपास, टर्बो नाही, वजन साधारण साडेबाराशे किलो. सुबारूच्या इंजिनात सिलिंडर उभे नसतात, दोन्ही बाजूंना आडवे निजवलेले असतात. त्यामुळे जड भाग जमिनीलगत राहतो आणि गाडी वळणावर झुकत नाही. शिवाय तिला बेताच्या पकडीचे, फार रुंद नसलेले टायर मुद्दाम दिले गेले, म्हणजे गाडी कुठपर्यंत धरून राहते हे चालवणाऱ्याला कमी वेगातच हाताला कळावे. पुष्कळांनी नावे ठेवली, की एवढी स्पोर्ट्स गाडी आणि ताकद एवढीच? मला मात्र या एका तपशिलात सगळा प्रश्न उलगडल्यासारखा वाटला.

गाडी चालवण्याचा आनंद दोन तऱ्हेचा असतो. एक ताकदीचा. तीनशे अश्वशक्ती रोजच्या रस्त्यावर पुरेपूर वापरायची संधी क्वचितच मिळते. मग उरलेल्या वेळी ती ताकद फक्त सिग्नलला गुरगुरण्यासाठी आणि शेजारच्याने मान वळवण्यासाठी शिल्लक राहते. दुसरा आनंद हुन्नराचा. स्टिअरिंग जितके फिरवले तितकेच चाक वळले, गिअर नेमक्या क्षणी पडला, ब्रेक सुटताना धक्का बसला नाही. हा साठच्या वेगातही मिळतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे अक्षर इतके सुरेख आहे की हजेरीत स्वतःचे नाव लिहायला सांगितले तरी ती रमते. तिला त्यासाठी स्पर्धा लागत नाही, प्रेक्षक लागत नाहीत, दोन रेघांची साधी वही पुरते. 'रोज चालवायची गाडी' या शब्दांतला 'रोज' मला म्हणून फार मोलाचा वाटतो. जो आनंद रोज घेतला तर आज ना उद्या कोणाच्या तरी अंगावर जाईल, तो घरी आणण्याच्या लायकीचा नाही. ज्या आनंदाला अल इत्तिहाद रोडवरच्या तुंबलेल्या गर्दीतही एखादा वळणाचा उड्डाणपूल पुरतो, तो आणावा. या हिशेबाने माझे मत ८६ ला होते आणि मी ते सांगितले. तो म्हणाला, "आपा, दीड तास क्लच दाबून बघ, मग हुन्नर बोल." यात तथ्य आहे. त्या गाडीची खरी मजा हाताने टाकायच्या गिअरमध्ये, आणि गर्दीत डावा पाय भरून येतो. ऑटोमॅटिक घ्यावी तर निम्मी मजा गेली. शिवाय दोन दारांच्या गाड्यांची दारे लांब असतात. शारजातल्या इमारतींखालच्या पार्किंगमध्ये ती अर्धी उघडायची आणि श्वास रोखून बाहेर पडायचे. स्पोर्ट्स गाडी म्हटली की विमाही चढा सांगतात.

आता मागची सीट.

त्याने ८६ चा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अम्मीने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, बाजूने पाहिला, आणि विचारले, "ह्यात मी कुठं बसू?"

अम्मी शारजाला आजवर एकदाच गेली आहे, व्हिजिट व्हिसावर, महिनाभर. पुन्हा कधी जाईल माहीत नाही. तिचे गुडघे गेलेले आहेत. ८६ सारख्या गाडीत चढत नाहीत, उतरतात. सीट जवळजवळ जमिनीला लागलेली. मागे जायचे तर पुढची सीट पाडून, कमरेत वाकून शिरावे लागते, आणि शिरल्यावर पायाला जागा नाही, डोक्याला उतरत्या टपाचा काच. कारखानदार तिला चार आसनी म्हणतात, पण मागच्या दोन जागांवर दप्तर आणि जेवणाचा डबा ठेवावा एवढीच त्यांची पात्रता. म्हणजे अम्मीचा प्रश्न अगदी तांत्रिक होता आणि त्याचे तांत्रिक उत्तर 'कुठेच नाही' असे होते.

मागची सीट म्हणजे काय हे खरे तर बायकांना विचारावे. माझे सगळे बालपण आणि लग्नानंतरची वर्षे मागच्या सीटवर गेली आहेत. भाड्याची सुमो असो की मामूंची ओम्नी, पुढे पुरुष आणि मागे आम्ही; मांडीवर कोणाचे तरी मूल, पायांत फणस, खिडकीशी ओकारी येणारी भाची. त्या जागेबद्दल माझ्या मनात उगाच हळवेपणा नाही. तिथून रस्ता दिसत नाही, गाडी कुठे थांबवायची हे तिथे बसणारीला कोणी विचारत नाही. पण तिथेच गप्पा होतात, तिथेच नाती जुळतात आणि तुटतातही, आणि वाटेत कोणी हात केला तर सरकून जागा करायचे काम मागच्या सीटचेच असते. पुढचा फक्त ब्रेक दाबतो. मागची सीट ही घराच्या ओसरीसारखी आहे. तिथे आपल्याखेरीज कोणीतरी येईल असे गृहीत धरलेले असते.

आणि माझ्या भावाला नेमके तेच गृहीत नको आहे. हे त्याने शब्दांत सांगितले नाही, मी ओळखले. चार दारांची गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात खोलीतले पाच जण विचारणार, वाटेत सोडतोस का. गावाकडचा कोणी नवा आला की विमानतळावर जायचे. कोणाची बायको-मुले आली की शुक्रवारी फिरवून आणायचे. एकही मागणी गैर नाही. त्यानेही नवा असताना अशाच उपकारांवर दिवस काढले. पण ज्याने आठ वर्षे एकालाही 'नाही' म्हटलेले नाही, त्याला आता 'नाही' म्हणायचा धीर होत नाही. आणि कूपे त्याच्या वतीने ते म्हणून टाकते. भांडण नाही, कारण सांगणे नाही, तोंड कडू नाही. समोरचा गाडीकडे पाहतो आणि विचारतच नाही. ती एक पत्र्यात ओतलेली नकारघंटा आहे, दिसायला सुरेख.

मला वाटते, नैतिक प्रश्न इथे आहे आणि तो सोपा नाही. एक बाजू अशी की, रिकामी सीट म्हणजे काही दानधर्म नव्हे. सात जागांच्या गाडीत एकटा हिंडणारा माणूस कूपेवाल्यापेक्षा उदार ठरत नाही. उलट कूपेवाला निदान खरे बोलतो, ही गाडी माझ्यापुरती आहे. अम्मी आली तर पंधरा दिवस मोठी गाडी भाड्याने घेता येते आणि त्याचा खर्च वर्षभर मोठी गाडी पोसण्यापेक्षा कमीच पडतो. दुसरी बाजू अशी की, माणसे मागतात ती जागा दिसते म्हणून. दिसलीच नाही तर मागणार नाहीत, आणि कोणाला गरज होती हे आपल्याला कळणारही नाही. जो तोंडाने नकार देतो त्याला निदान समोरच्याचा चेहरा पाहावा लागतो. गाडी तोही त्रास वाचवते. हा त्रास वाचणे ही सोय आहे की नुकसान, याचा निकाल मला आजही देता येत नाही.

आपल्या देशात हा निकाल बाजाराने केव्हाच देऊन टाकलेला आहे. बंगळुरूची सिपानी डॉल्फिन १९८० च्या दशकात दोन दारांची म्हणून आली आणि मागे पडली. पुढे त्याच कंपनीला चार दारे लावावी लागली. नव्वदच्या दशकाअखेर सॅन स्टॉर्म नावाची उघड्या टपाची छोटी गाडी निघाली. किती जणांनी ती रस्त्यावर पाहिली असेल? आपल्याकडे गाडी घेताना माणूस आधी आईला कुठे बसवायचे ते पाहतो. २०२४ मध्ये टाटांची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसाल्ट आल्या, त्यांना कूपे म्हणतात, पण दारे चार आणि मागची सीट शाबूत. फक्त टप मागे उतरते घेतलेले. कापले काहीच नाही, कापल्याचे सोंग घेतले. आपल्या स्वभावाला हे फार जुळणारे आहे. गंमत अशी की, परवडणारे, रोज चालवायचे, दोन आसनी वाहन आपल्याकडे घरोघरी आहे. माझी अॅक्टिव्हा. कायद्याने दोघांची आहे. माझ्या शाळेच्या फाटकावर मी तिच्यावरून पाच जण उतरताना पाहिले आहेत. आपल्याकडे वाहनात किती जागा आहेत हे कारखानदार ठरवत नाही. आणि मी रोज चौदा किलोमीटर एकटी जाते, मागे जागा असते, वाटेत ओळखीची बाई दिसली तर थांबते, कधी उशीर झाला तर थांबत नाही. त्याला कोणी आत्मकेंद्रीपणा म्हटलेले नाही. दहा लाखांच्या वस्तूला जो नियम, तो लाखाच्या वस्तूला का नसावा, हे मी चाचांना विचारले. चाचा म्हणाले, तू मास्तरीण आहेस.

इंग्लंडमध्ये फोर्डने १९६९ मध्ये कॅप्री नावाची कूपे आणली होती. कॉर्टिना या घरगुती गाडीवर बेतलेली, सामान्य पगारदाराला झेपणारी. १९८६ पर्यंत सुमारे १९ लाख बनल्या. तिच्या जाहिरातीचा आशय असा होता की, ही तीच गाडी, जिचे वचन तुम्ही स्वतःला केव्हापासून देत आला आहात. जाहिराती लिहिणारे लोक माणसाला ओळखून असतात. स्वतःला दिलेले वचन हे विचित्र वचन आहे. त्याला साक्षीदार नाही, ते मोडले तर तक्रार करणारा नाही, म्हणून तेच सर्वांत आधी मोडले जाते. माझ्या भावाने ताईला दिलेले वचन पाळले, अब्बांना दिलेले पाळले, ठेकेदाराला दिलेलेसुद्धा पाळले. घरातल्या कर्त्या मुलाने स्वतःला दिलेले वचन पाळले तर ते आपल्याला चोरीसारखे का वाटते? आपण ज्या माणसाकडून सतत घेत असतो, त्याच्याजवळ त्याचे असे काही उरलेले आपल्याला पाहवत नाही, असे तर नाही? हे मी जेवताना बोलले आणि त्या दिवशी कोणी कोणाशी फार बोलले नाही.

माझे मत मी त्याला कळवले. गाडी घे. ही गाडी तू कोणासाठी घेत नाही आहेस हे स्वतःला नीट माहीत असू दे, आणि अम्मीला उगाच 'मागे बसता येतं' असे सांगू नकोस. हप्त्यांवर घेऊ नकोस, कारण हप्ता चुकला की तो गावी येतो आणि मग ती तुझ्या एकट्याची गाडी राहत नाही. शेवटची गोष्ट स्वस्ताईची. शारजाच्या बाजारात अमेरिकेतून आणलेल्या अपघाती गाड्या दुरुस्त करून विकतात, हे तिकडे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्या आखातासाठी बनवलेल्या गाड्यांपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात आणि मस्टँग व चॅलेंजर त्यांत पुष्कळ. रंग नवा, पत्रा ठोकून सरळ केलेला. पण फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नवी बसवली आहे की नुसते झाकण, हे बाहेरून दिसत नाही. त्यात १६ एप्रिल २०२४ ची भर. त्या दिवशी अमिरातीत ७५ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्याही वाळून, धुऊन बाजारात येतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहा, गालिचा उचलून वास घे, चॅसी नंबरवरून अमेरिकेतला इतिहास काढ, असे मी त्याला लिहिले. त्याचे उत्तर आले, की हे सगळे तो करतोच आहे. पण त्याने उलट मला विचारले, की समजा अशी गाडी घेतली आणि तीन वर्षांनी विकायची वेळ आली, तर पुढच्या गिऱ्हाइकाला हे सांगायचे की नाही? सांगितले तर पडेल भाव मिळेल. मी म्हटले, सांगावेच लागेल. तो म्हणाला, मग घेतानाच महाग घ्यावी लागेल, आणि पंचेचाळीस हजारांत तशी मस्टँग बसत नाही.

मागच्या आठवड्यात तो एक चॅलेंजर पाहून आला. आखाताचीच, एका मालकाची. तिची मागची सीट त्या तिघींत सर्वांत ऐसपैस आहे म्हणाला, बसून पाहिली. पेट्रोल मात्र फार पिते, आणि तिकडे २०१५ पासून पेट्रोलचा भाव दर महिन्याला बदलतो. मालक पन्नास हजारांच्या खाली यायला तयार नाही. अम्मीने विचारले आहे की दार किती उंच आहे, टेप लावून कळव.